परका मासा बार्जने आला की काचेच्या टाकीतून? मांडवी-जुवारीच्या काठावरच्या खाजनांसाठी सविस्तर उत्तर

मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या बाजूने, खाजनातून म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीतून, आलेला प्रश्न असा: पावसाळ्यानंतर मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, जाळ्यात कालुंदर या गावठी खाडीमाशासारखा दिसणारा, पण कालुंदर नसलेला मासा दरवर्षी वाढत्या संख्येने मिळतो. बांधाच्या गोड्या बाजूला अंगभर हाडासारखे कवच असलेला, तोंडाने चिकटून बसणारा काळा मासाही सापडला. खनिज वाहणारे बार्ज, म्हणजे नदीतल्या मालबोटी, पुन्हा फिरू लागल्यापासून हे दिसते आहे. मग हे मासे बार्जच आणतात का, आणि खाजन सांभाळणाऱ्यांनी करायचे काय?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. हे दोन मासे बार्जने गोव्यात आणले असण्याची शक्यता फार कमी आहे. वर्णनावरून पहिला तिलापी, म्हणजे घाटावर ज्याला चिलापी म्हणतात तो. दुसरा शोभेच्या टाकीतला सकर. दोघेही तळी, मत्स्यशेती आणि काचेच्या टाक्यांतून सुटलेले मासे आहेत. उजनी धरणात दोन्ही भरपूर आहेत आणि तिथे ना जहाज आहे ना समुद्र. पण एवढ्यावरून बार्ज निर्दोष ठरत नाहीत. मासा एकदा नदीत उतरला की त्याला एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात न्यायला जलमार्ग मदत करतो. गोव्यात ही मदत बाराही महिने होत नाही. पाणी खारे असते तोवर सकरसारख्या गोड्या माशाची वाट बंद असते, पावसाने ते गोडे झाले की ती उघडते. तुमच्या कामाचे वेळापत्रक या एका गोष्टीवर बसवायचे आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ.

जगात जलमार्गाने मासा पसरल्याची सर्वांत अभ्यासलेली गोष्ट गोल गोबीची आहे. काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या भागातला हा वीतभर मासा. १९९० मध्ये तो पोलंडच्या ग्दान्स्कच्या आखातात मिळाला आणि त्याच वर्षी अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर नदीत. पुढच्या पाचेक वर्षांत तो पाचही महासरोवरांत पोचला. युरोपात ऱ्हाईन-माइन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये पुरा झाला, दोन वेगळी खोरी जोडली गेली आणि पूर्वेकडच्या गोबी ऱ्हाईनमध्ये उतरल्या. हा मासा तर नीट पोहूही शकत नाही, त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते, तो तळाशी सरपटतो. मग इतका लांब गेला कसा? एक तर त्याची पिल्ले रात्री पृष्ठभागाजवळ येतात, त्यामुळे रात्री बॅलास्टचे, म्हणजे तोल राखायला टाकीत घेतलेले, पाणी भरणारे जहाज ती ओढून घेते. दुसरे, मादी अंडी कठीण पृष्ठभागाच्या खालच्या बाजूला चिकटवते आणि नर ती राखतो. दगडाची फट असो वा जहाजाच्या तळातला खळगा, त्याला दोन्ही सारखेच. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जलमार्ग बांधताना काठ दगडांनी बांधून काढतात. चिखलाच्या काठाच्या नदीत सलग दगडी काठ तयार झाला की फटीत राहणाऱ्या माशाला शेकडो किलोमीटर लांब घर मिळते. तो जहाजावर न चढताही पुढे सरकत राहतो.

म्हणजे जलमार्ग तीन कामे करतो: न जुळलेली पाणी जोडतो, कठीण आसरा देतो आणि वाहून नेतो. बहुतेक लोक तिसऱ्याकडेच पाहतात. गोव्यात पहिली दोन जास्त जड आहेत.

आता आपली नदी. मांडवीत भरतीची ओढ आत गांजे गावापर्यंत जाणवते, आणि एप्रिल-मे महिन्यांत खारही तिच्यामागून आत चढतो. पणजीला तेव्हा पाणी ३० पीपीटीच्या वर असते, म्हणजे एका लिटरमागे ३० ग्रॅमहून अधिक क्षार. समुद्र साधारण ३५ चा. जुलै-ऑगस्टमध्ये हेच चित्र उलटते. म्हादई आणि खांडेपारचे पाणी इतके उतरते की ओहोटीला पणजीपर्यंत वरचा थर जवळजवळ गोडा होतो. जुवारीतही हेच होते, पण तिच्यात गोडे पाणी कमी येते, त्यामुळे मुखाकडे खार जास्त टिकतो. पाऊस ओसरल्यावर खार हळूहळू परततो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्या-आठवड्याला फरक दिसतो.

माशांची सहनशक्ती या आकड्यांशेजारी मांडून पाहा. सकर साधारण १० पीपीटीपर्यंत तग धरतो, आफ्रिकन मागूरही जवळपास तेवढाच. त्यांना मे महिन्यात मांडवीतून जुवारीत जाता येणार नाही, वाटेत खाऱ्या पाण्याची भिंत आहे. ऑगस्टमध्ये ती भिंत नसते. मोझांबिक तिलापीला मात्र भिंतच नाही. तो अस्सल समुद्राच्या खारटपणातही जगतो. नाइल तिलापी दोघांच्या मध्ये बसतो. म्हणून 'परका मासा' असा एकच शब्द वापरून उपाय ठरवू नका. सकरचा उपाय तिलापीला लागू पडत नाही.

कुंभारजुव्याचा कालवा या सगळ्याचा सांधा आहे. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या सुमारे १७ किलोमीटरच्या या पाण्यात भरती दोन्ही बाजूंनी शिरते. २०१६ च्या कायद्याने तो राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ झाला. मांडवी ६८ आणि जुवारी १११. नैर्ऋत्य मोसमात आग्वादची बार, म्हणजे मांडवीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा, बार्जसाठी धोकादायक होते. म्हणून मांडवीतले बार्ज त्या दिवसांत कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जायचे, ही जुनी पद्धत. म्हणजे ज्या महिन्यांत पाणी गोडे असते, त्याच महिन्यांत बार्जची वाहतूक कालव्यातून होते. वाहतूक आणि गोडे पाणी यांची गाठ पडते ती इथे. परक्या गोड्या माशासाठी पाळत ठेवायला गोव्यात एकच जागा निवडायची असेल, तर मी जूनअखेर ते ऑक्टोबर या काळात बाणस्तारी आणि कालव्याची दोन्ही तोंडे निवडीन.

तिथे काम करताना पाण्यात उतरून उभे राहू नका. कालव्यात मगरी आहेत. जाळे होडीतून किंवा धक्क्यावरूनच टाका.

आता बार्ज काय वाहू शकतो ते पाहू. मुरगावला खनिज न्यायला येणारे समुद्री जहाज रिकामे येते, म्हणून पोटात बॅलास्टचे पाणी घेऊन येते आणि माल चढवताना ते सोडते. निर्यातीच्या बंदरात हे अटळ आहे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय बॅलास्ट करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याची जुनी पद्धत म्हणजे किनाऱ्यापासून किमान २०० सागरी मैलांवर, २०० मीटर खोलीच्या पाण्यात टाकीतले ९५ टक्के पाणी बदलणे. नवी पद्धत म्हणजे जहाजावरच्या यंत्राने पाणी शुद्ध करणे, इतके की ५० मायक्रॉनपेक्षा मोठे जिवंत जीव घनमीटरला दहाहून कमी राहावेत. एखाद्या परदेशी नदीबंदरात भरलेले गोडे पाणी भर समुद्रात बदलले तर त्यातली गोड्या पाण्याची पिल्ले खारटपणानेच मरतात. शिवाय मुरगावचे पाणी वर्षातला बराच काळ खारे असते. म्हणून परदेशातला अस्सल गोड्या पाण्याचा मासा या वाटेने थेट मांडवीत येण्याची भीती मला मोठी वाटत नाही. खाडीच्या मिश्र पाण्यात जगणाऱ्या जीवांची भीती जास्त आहे.

नदीतला बार्ज वेगळा. तो भरून खाली येतो आणि रिकामा वर जातो. समुद्री जहाजासारखा बॅलास्टच्या मोठ्या टाक्यांवर अवलंबून नसतो. त्यात पाहण्याच्या जागा या: बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचलेले पाणी, इंजिन थंड करण्यासाठी पाणी आत घेणारी पेटी आणि तिची जाळी, सुकाणूच्या दांड्याभोवतीची पोकळी, नांगराची साखळी ठेवायची कोठी आणि साखळीला चिकटलेला चिखल, आणि होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या जागेत, साचलेले पावसाचे पाणी. यातली पाणी घेणारी पेटी मला सर्वांत धोक्याची वाटते. तिथे अंधार असतो, प्रवाह मंद असतो आणि चिकट अंडी घालणाऱ्या माशाला कठीण भिंत मिळते. जाळीची छिद्रे गंजून मोठी झाली असतील तर बोटभर मासा सहज आत राहतो.

बार्जच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. रोज मुरगाव ते उसगाव किंवा कुडचडे अशा फेऱ्या मारणारा बार्ज एक-दोन भरतीत समुद्राच्या खारातून गोड्यात जातो. त्याच्या तळावर बसलेले बहुतेक जीव या धक्क्यानेच मरतात. महिनोन्महिने एकाच जागी नांगरलेला बार्ज खरा त्रासाचा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कितीतरी बार्ज काठाला उभे राहिले. अशा बार्जच्या तळाला एकाच खारटपणाला सरावलेली जाड वस्ती तयार होते. शिंपल्यांच्या थरात फटी होतात आणि फटीत मासे राहतात. असा बार्ज ओढून दुसऱ्या नदीत नेणे म्हणजे ती वस्ती उचलून नेणे. तो हलवण्याआधी स्लिपवेवर, म्हणजे काठावरच्या उतरणीवर, चढवून खरवडायला हवा. खरवडताना खाली ताडपत्री अंथरून निघालेला कचरा गोणीत भरून जमिनीवर वाळवावा. भरतीच्या रेषेखाली खरवडून कचरा पाण्यातच सोडला तर जिवंत तुकडे तिथेच रुजतात, आणि खरवडण्याचा उद्देशच फसतो.

पाळीव मासे सोडून फक्त या शिंपल्यांचा विचार करायचा झाला तरी काळजी रास्त आहे. काळ्या पट्ट्याचा परका शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात नोंदला गेला. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या गोदीत तो १९९९ मध्ये सापडला, तेव्हा गोदीची दारे बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतून तो संपवावा लागला. त्या गोद्यांना झडपा होत्या म्हणून ते जमले. उघड्या मांडवीत तसे करता येणार नाही. पाळतीसाठी १५ बाय १५ सेंटिमीटरच्या खरखरीत केलेल्या पीव्हीसी पट्ट्या धक्क्याखाली, ओहोटीच्या पातळीपासून मीटरभर खोल, टांगा. महिन्याने काढा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. खर्च नगण्य आहे.

शिकागोच्या विजेच्या कुंपणाबद्दल वाचून 'तसे इथे का नाही' असे विचारले जाते. तिथे १९०० मध्ये खुल्या झालेल्या कालव्यात आशियाई कार्प सरोवरांत शिरू नयेत म्हणून २००२ पासून पाण्यात वीज सोडतात. ते गोडे पाणी आहे. खाऱ्या पाण्यात वीज माशाच्या अंगातून न जाता आजूबाजूच्या पाण्यातूनच निघून जाते, कारण पाणी माशापेक्षा चांगले वाहक असते. शिवाय तिथे दोन जोडबार्जांमधल्या खोबणीत अडकून छोटे मासे कुंपण ओलांडतात असे प्रयोगांत दिसले. आपले बहुतेक बार्ज स्वतःच्या इंजिनावर एकेकटे चालतात, त्यामुळे ती खोबण इथे नाही. बाहेरची उदाहरणे उचलताना असा फरक पाहावा लागतो.

आता ओळख. कालुंदर की तिलापी हे रंगावर ठरवू नका, गाळाच्या पाण्यात दोघेही काळपट दिसतात. मासा उलटा करा आणि गुदद्वारामागच्या परातले कडक काटे मोजा. कालुंदराला १२ किंवा १३ काटे असतात, तिलापीला फक्त ३. एवढी एक मोजणी पुरेशी आहे, अगदी बोटाएवढ्या पिल्लातही. मोझांबिक की नाइल हे पाहायला शेपटी पसरा. नाइलच्या शेपटीवर उभ्या रेघा एकामागून एक ठळक दिसतात, मोझांबिकच्या शेपटीवर तशा नसतात. दोघांचा संकर होतो, त्यामुळे मधले नमुने मिळाले तर 'तिलापी, जात अनिश्चित' असेच लिहा. ओढूनताणून नाव देऊ नका.

सकरला खाली तोंड, अंगावर ओळीने कवच आणि शिडासारखा मोठा पाठीचा पर असतो. परांचे पुढचे काटे हाताला फाडतात, जाड हातमोजे घाला. मागूर मिळाला तर तो गावठी की आफ्रिकन हे ठरवायला डोक्याचा वरून फोटो घ्या. आफ्रिकन मागूर पाळायला केंद्राने २००० सालापासून मनाई केली आहे, तेव्हा तो सापडणे ही स्वतंत्रपणे कळवण्याची बाब आहे. आणि बार्जच्या तळाला चिकटलेली छोटी खरबी, म्हणजे गोबीच्याच कुळातला मासा, दिसली म्हणून घाबरू नका. पोटाचे पर जुळून चिकटायची वाटी असणे हे बहुतेक खरब्यांचे लक्षण आहे, आणि आपल्या खाड्यांत गावठी खरब्यांच्या कितीतरी जाती आहेत.

मासा कुठल्या वाटेने आला हे चार गोष्टींवरून बऱ्यापैकी कळते. पहिली, आकार. एकच मोठा मासा म्हणजे कुणीतरी सोडलेला. बोटभर, वीतभर आणि हातभर अशा सगळ्या मापाचे मिळू लागले की तो इथेच वाढतो आहे. तिलापीची खूण आणखी सोपी आहे. पोय, म्हणजे खाजनातले खोलगट पाणी, उपसली की तळावर बशीसारखे गोल खड्डे दिसतात, ती नराची घरटी. दुसरी, जागा. सापडल्याच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडा. टिंबे धक्के आणि नांगरलेल्या बार्जांभोवती दाटली तर एक अर्थ. नाल्याच्या, मोरीच्या, देवळाच्या तळीच्या किंवा मत्स्यशेतीच्या खाली दाटली तर दुसरा. तिसरी, खारटपणा आणि महिना. सकर मे महिन्यात कालव्यात मिळाला तर तो बार्जने न येता जवळच्याच गोड्या ओहोळातून नुकताच उतरला असण्याची शक्यता मोठी. चौथी, प्रयोगशाळेची: माशाच्या कानातल्या खड्यात वर्षावर्षाचे थर असतात. त्यातले स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमचे प्रमाण पाहिले तर मासा आयुष्यात कधी खाऱ्या आणि कधी गोड्या पाण्यात होता हे वाचता येते. म्हणून संशय मोठा असेल तर डोके फेकू नका.

२०१८ च्या महापुरानंतर केरळात चालकुडी नदीत अरापैमा आणि मगरतोंडा गार हे परके मासे मिळाले, ते बुडालेल्या शेततळ्यांतून निसटले होते. पुराचे पाणी बांधावरून गेल्यावर पंधरा दिवसांत मानशीची पकड जास्त बारकाईने पाहा, ते याचसाठी.

मानस हे तुमच्याकडचे पाळतीचे सर्वोत्तम साधन आहे आणि ते आधीपासूनच चालू आहे. ओहोटीला दारे उघडली की आतले पाणी बाहेर जाते, जाळे तिथेच लागते, भरतीला दारे आपोआप मिटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला तर खाजनातला मासा गाळूनच मिळतो. मानस लिलावात घेणाऱ्याने फक्त एक वही ठेवायची. तारीख, तिथी, जाळे किती तास लावले, पकड एकूण किती किलो, त्यात परके किती नग, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा किती सेंटिमीटर, पाण्याचा खारटपणा. शून्य मिळाले तरी शून्य लिहायचे. शून्य न लिहिल्यामुळे निम्म्या वह्या निकामी होतात, कारण मासा नव्हता की पाहिलाच नाही हे नंतर कळत नाही. तास लिहिले नाहीत तर वाढ झाली की जाळे जास्त वेळ लावले हेही कळत नाही.

खारटपणासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. शुद्ध पाण्याच्या थेंबाने शून्य लावून घ्या, मग नमुन्याचे दोन थेंब. ३ पीपीटीच्या खाली त्याचा भरवसा नाही, तिथे वाहकता मोजणारा मीटर वापरा. पावसाळ्यात वरचे पाणी गोडे आणि तळाचे खारे असू शकते, म्हणून नमुना दोन्ही ठिकाणचा घ्या. वजन बांधलेली बाटली तळाशी सोडून दोरीने बूच ओढले की तळाचे पाणी मिळते.

नमुना जपताना दोन वेगळ्या बाटल्या लागतात. आकार जपायला फॉर्मलिन: बाजारातले एक भाग, पाणी नऊ भाग, मोठा मासा असेल तर पोटाला चीर द्या, नाहीतर आतून सडतो. जनुकीय तपासणीसाठी मात्र फॉर्मलिन चालत नाही. त्याआधीच पराचा नखाएवढा तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, इथेनॉल तुकड्याच्या दहापट. फोटो आडव्या बाजूने, डोके डावीकडे, शेजारी मोजपट्टी, पर टाचणीने पसरलेले. पाण्यातल्या डीएनएवरून मासा ओळखायची तपासणीही करता येते, पण नदीत भरती-ओहोटी असल्यामुळे डीएनए कुठून वाहत आला हे सांगता येत नाही. मासळी बाजाराचे सांडपाणी वर असेल तर खोटा होकारही येतो. म्हणून ती इशारा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

उपायांत सकरसाठी खाजनाकडे एक अवजार आधीच आहे, ते म्हणजे खार. कोरगुट, म्हणजे खाऱ्या जमिनीतले भात, कापून झाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरतीचे पाणी आत घेताच, तेव्हा बाहेरचे पाणी १५ पीपीटीच्या वर चढले आहे याची खात्री करा आणि ते पोयीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचू द्या. अर्धवट घेतले तर सकर गोड्या कोपऱ्यात, झऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि जूनमध्ये परत येतो. अशा कोपऱ्यांत आधी जाळे फिरवा. पकडलेला सकर बांधावर टाकून देऊ नका. तो ओलसर राहिला तर तासन्‌तास जगतो आणि घसटत पाण्यात जातो. बर्फाच्या पाण्यात टाका, मेल्याची खात्री करून पुरा.

तिलापीवर खार चालत नाही. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे एक मादी निसटली तरी पुढची पिढी वाचते. दोन-तीन महिन्यांची, आठ-दहा सेंटिमीटरची मादी विणीला लागते. म्हणून मोठे मासे विकून लहान परत पाण्यात सोडायची सवय इथे उलटी पडते. लहानसहान सगळा तिलापी बाहेर काढायचा. उन्हाळ्यात पोय जिथे उपसता येते तिथे तळाला भेगा पडेपर्यंत, निदान आठ-दहा दिवस, सुकवा आणि मधली डबकी विसरू नका. चणकाची, म्हणजे जिताड्याची, बोटुकली सोडणे हा चांगला गावठी उपाय आहे, चणक तिलापीची पिल्ले आवडीने खातो. पण तो सुंगटे, म्हणजे कोळंबीही खातो. मानशीचे उत्पन्न सुंगटांवर असेल तर हा सौदा लिलाव घेणाऱ्याशी आधी बोलून ठरवा. तिलापी पूर्ण संपेल असे मी सांगणार नाही. तो दाबून ठेवता येतो, आणि दाबून ठेवला तर कालुंदराला विणीची जागा मिळते.

विष घालू नका. मोहाची पेंड गोड्या तळ्यात एका हेक्टरला, मीटरभर पाण्याला, २५०० किलो टाकतात, हे खरे. पण तळे बंद असते. खाजन मानशीतून दिवसाला दोनदा नदीला जोडलेले असते. ती पेंड शेवटे मासे, चणक, सुंगटे यांच्या सगळ्या पिल्लांना मारून मांडवीत उतरेल.

कळवायचे कुठे, तर मत्स्योद्योग खाते आणि पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. लोक जैवविविधता नोंदवहीत परक्या जातीची नोंद तारखेसह घालून घ्या. जहाज-बार्जांबद्दलची बाब बंदर कप्तान खात्याकडे. वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींवर नियंत्रणाचे कलम ६२ अ आले आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. मागणी नेमकी असू द्या: उभा असलेला बार्ज नदी बदलण्यापूर्वी खरवडल्याचा दाखला, पाणी घेणाऱ्या पेटीच्या जाळीची तपासणी, आणि धक्क्यावर बिल्जचे पाणी नदीत न सोडणे.

शेवटी बांध, कारण सकरचे खरे नुकसान तिथे होते. नर विणीसाठी काठाच्या चिकणमातीत आडवे बीळ कोरतो, हातभर, कधी मीटरहून खोल. कुर्लीचे बीळ गोल, दोन-तीन बोटे रुंद आणि तोंडाशी मातीचे ढीग असलेले. सकरचे वीत-दीड वीत रुंद, चपटे, पाण्याच्या रेषेखाली आणि बऱ्याचदा शेजारीशेजारी. म्हणून ते भरलेल्या पोयीत दिसत नाही, मोठ्या ओहोटीला आत पाणी उतरल्यावर बांधाच्या आतल्या बाजूने चालत पाहावे लागते. सापडले की तोंड बुजवून थांबू नका. आतली पोकळी तशीच राहते, पौर्णिमेच्या भरतीला बाहेरून दाब आला की पाणी त्या पोकळीतून वाट काढते आणि बांध आतून फुटतो. बीळ शेवटापर्यंत खणून उघडा, आत मासा किंवा पिवळट अंड्यांचा गोळा असेल तर काढा, मग चिकणमाती आणि पेंढा वीतभर थरांनी घालून प्रत्येक थर धुमसून घ्या, आणि पाण्याच्या रेषेवर चिऱ्यांची एक ओळ लावा. चिऱ्यांचे सांधे मातीने भरून घ्या, मोकळी फट ठेवू नका. हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या मोठ्या ओहोटीला करा, खार परत चढायच्या आधी.